घोष आणि अघोष: इंग्रजी व्यंजनांचे उच्चार शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकवणारे शिक्षक आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक यांच्याकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. झेड या अक्षराचा ध्वनी सोयीसाठी 'झ्' असा लिहिला आहे. तो 'झाड' या शब्दातला झ नव्हे, हे वाचताना लक्षात ठेवावे. जेथे एकट्या व्यंजनाबद्दल बोलायचे आहे, तेथे अक्षराचा पाय मोडला आहे, आणि त्यामागचे कारण पुढे एका उत्तरात येईल.

घोष आणि अघोष व्यंजन म्हणजे नेमके काय?

फुप्फुसांतून निघालेली हवा गळ्यातील स्वरयंत्रातून वर येते. तेथे दोन स्वरतंतू असतात. ते एकमेकांजवळ आले की हवेच्या झोताने थरथरू लागतात आणि त्या कंपनातून नाद निर्माण होतो. हा नाद चालू असताना उच्चारलेले व्यंजन घोष, आणि स्वरतंतू दूर राहिल्यामुळे नुसत्या श्वासावर उच्चारलेले व्यंजन अघोष. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा कंप पावतात, स्त्रियांच्या बोलण्यात सुमारे २०० वेळा, आणि लहान मुलांत त्याहूनही अधिक.

शालेय मराठी व्याकरणात हाच भेद 'कठोर' आणि 'मृदू' वर्ण या नावांनी शिकवला जातो. ही जुनी नावे वर्गात जरूर वापरावीत, मात्र कठोर म्हणजे जोरात आणि मृदू म्हणजे हळू असा मुलांचा समज होऊ देऊ नये. ब् कितीही जोरात उच्चारला तरी तो घोषच राहतो.

इंग्रजीत अशी किती व्यंजने आहेत?

इंग्रजीत २४ व्यंजनध्वनी मानले जातात. त्यांपैकी ९ अघोष आणि १५ घोष आहेत. यांतल्या १६ ध्वनींच्या ८ जोड्या जमतात: प्–ब्, ट्–ड्, क्–ग्, फ्–व्ह्, स्–झ्, च्–ज्, 'थिंक' आणि 'दिस' या शब्दांतले दोन ध्वनी, आणि 'शिप'मधला श् व 'मेझर'मधला मधला ध्वनी. प्रत्येक जोडीत जीभ आणि ओठ जवळजवळ त्याच जागी असतात, फरक गळ्यात असतो. उरलेल्यांपैकी ह् हा एकटा अघोष आहे, आणि म्, न्, ङ्, ल्, र्, य्, व् हे सातही घोष आहेत, पण त्यांना अघोष जोडीदार नाही.

ह्च्या बाबतीत एक गोष्ट नोंदवून ठेवते. मराठी ह घोष आहे आणि इंग्रजी ह् सामान्यतः अघोष. तरीही या फरकामुळे कोणत्याही शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून वर्गात त्यावर वेळ घालवू नये.

मराठी मुलांना हा भेद मुळातच येतो. मग वेगळा शिकवायचा कशासाठी?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलाला हा भेद येतो, हे अगदी खरे आहे. आपली वर्णमालाच त्यावर रचलेली आहे. क-वर्गापासून प-वर्गापर्यंतच्या पाच ओळी एकाखाली एक लिहिल्या, तर डावीकडचे पहिले दोन स्तंभ अघोष आहेत आणि उरलेले तीन घोष. कंठ मिटलेला असता नाद आणि उघडा असता श्वास, ही मांडणी प्राचीन प्रातिशाख्य ग्रंथांमध्ये स्पष्टपणे आलेली आहे. 'पाल' आणि 'बाल', 'काय' आणि 'गाय' यांत मराठी मूल कधी गोंधळत नाही.

अडचण तीन ठिकाणी येते. झेडचा ध्वनी किंवा 'मेझर'मधला ध्वनी यांसारख्या काही इंग्रजी जोड्यांतला घोष जोडीदार मराठीत त्या रूपात नाही. दुसरी अडचण अशी की मराठीत घोषत्व आणि महाप्राणत्व (व्यंजनासोबत हवेचा झोत सुटणे) हे दोन स्वतंत्र गुण आहेत, त्यामुळे आपल्याकडे प, फ, ब, भ असे चार ध्वनी होतात; इंग्रजीत हे दोन गुण एकमेकांत गुंतलेले आहेत आणि चारांच्या जागी दोनच ध्वनी आहेत. तिसरी अडचण शब्दाच्या शेवटी येते. तेथे इंग्रजी कान व्यंजनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आधीच्या स्वराची लांबी ऐकतो, आणि मराठी कानाला ती सवय नाही. म्हणून भेद मुळापासून शिकवत बसण्याची गरज नाही. तो मराठीत जेथे नाही, तेथे नेऊन बसवणे हे शिक्षकाचे काम आहे.

गळ्यावर हात ठेवून ओळखण्याची कृती सगळीकडे सांगितली जाते. ती खात्रीची आहे का?

कृती चांगली आहे, पण चुकीच्या ध्वनीवर केली तर फसते. मी स्वतः कित्येक वर्षे पहिल्याच तासाला मुलांना कंठमण्यावर दोन बोटे ठेवायला सांगून 'प' आणि 'ब' म्हणायला लावत असे. एकदा सातवीतली एक मुलगी बोटे गळ्यावर तशीच ठेवून म्हणाली, "बाई, प पण थरथरतोय." मी तिला पुन्हा म्हणायला सांगितले, मग स्वतः म्हणून पाहिले. तिचे म्हणणे बरोबर होते. देवनागरीत 'प' म्हटले की त्यात अ आलाच, आणि अ हा स्वर आहे. सामान्य बोलण्यात सर्व स्वर घोष असतात. तिच्या बोटांना जाणवत होते ते अचे कंपन. त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही तेच जाणवले असणार, पण मी सांगितले म्हणून त्यांनी मान डोलावली होती.

तेव्हापासून ही कृती मी फक्त लांबवता येणाऱ्या ध्वनींवर करून घेते. स् लांबवावा, मग झ् लांबवावा. फ् लांबवावा, मग व्ह् लांबवावा. यांत स्वर येऊ द्यायचा नाही, हे मुलांना एकदा करून दाखवले की कळते. दोन्ही तळहातांनी कान घट्ट झाकून हेच ध्वनी काढले, तर घोष ध्वनीच्या वेळी डोक्यात भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज येतो. गळ्यावरच्या बोटांपेक्षा ही खूण मुलांना लवकर पटते.

आणखी एक कसोटी मला फार आवडते. घोष व्यंजनावर सूर लावता येतो, अघोषावर येत नाही. मुलांना म् किंवा झ् धरून एखादी ओळखीची चाल गुणगुणायला सांगावी, आणि मग तीच चाल स् धरून काढायला सांगावी. स् वर चाल चढत नाही आणि उतरत नाही, नुसती हवा सुटत राहते. ज्या मुलाला बोटांखालचे कंपन ओळखता येत नाही, त्यालाही हे लगेच कळते.

मग सुरुवात कोणत्या जोडीपासून करावी?

स्–झ् किंवा फ्–व्ह् या जोडीपासून करावी. हे घर्षक, म्हणजे अरुंद फटीतून हवा घासत काढलेले, ध्वनी हवे तितके लांबवता येतात. एकाच श्वासात 'स्स्स्झ्झ्झ्स्स्स' असे म्हणायला लावावे. जीभ हलू द्यायची नाही, फक्त गळ्यातला आवाज चालू आणि बंद करायचा. हे जमले की मुलाला स्वरतंतूंवरचा ताबा वेगळा जाणवतो, आणि पुढचे सगळे त्या जाणिवेवर उभे राहते. प्–ब्, ट्–ड्, क्–ग् या स्फोटक (हवा अडवून एकदम सोडायच्या) जोड्या त्यानंतर घ्याव्यात, कारण त्यांत गळ्यातल्या नादाशिवाय आणखीही बऱ्याच गोष्टी घडतात.

आमची मुले 'पिन' स्पष्ट म्हणतात, तरी परदेशी ऐकणाऱ्याला 'बिन' ऐकू येते. असे का होते?

इंग्रजीत आघातयुक्त अवयवाच्या (शब्दाच्या जोर देऊन म्हटलेल्या तुकड्याच्या) सुरुवातीचे प्, ट्, क् महाप्राण असतात, म्हणजे त्यांच्यासोबत हवेचा झोत बाहेर पडतो. इंग्रजी 'पिन'मध्ये ओठ उघडल्यानंतर सुमारे ६० मिलिसेकंद नुसती हवा जाते आणि मग स्वराचा नाद सुरू होतो. मराठी प म्हणताना ओठ उघडताच जवळजवळ लगेच नाद सुरू होतो. मराठी ब म्हणताना तर ओठ उघडण्याच्या आधीच गळ्यात नाद सुरू झालेला असतो. आता गंमत अशी की इंग्रजी बोलणारे अनेक लोक शब्दारंभीच्या ब्चा नाद ओठ उघडण्याच्या सुमारासच सुरू करतात. म्हणजे नादाच्या वेळेपुरते पाहिले, तर आपला प त्यांच्या प्पेक्षा त्यांच्या ब्च्या अधिक जवळ पडतो. आपल्या मुलाने 'पिन' म्हटले आणि त्यांनी 'बिन' ऐकले, तर दोघांपैकी कोणाचेही कान खराब नाहीत.

स्फोट आणि नाद यांमधला हा वेळ मोजण्याची पद्धत लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे रूढ झाली. त्यांनी तपासलेल्या ११ भाषांमध्ये इंग्रजी होती, तशी मराठीही होती.

वर्गात यावर सोपा उपाय आहे. पातळ कागदाची पट्टी तोंडापासून चार बोटांवर धरावी. 'पिन' म्हणताना पट्टी हलली पाहिजे, 'बिन' म्हणताना जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. हवेचा झोत कसा आणायचा हे मुलांना नव्याने शिकवावे लागत नाही, कारण ख आणि ठ त्यांच्या तोंडात आहेतच. 'किंग' म्हणताना ख्च्या जवळ जा, 'टेन' म्हणताना ठ्च्या जवळ जा, असे सांगितले की काम होते. प्च्या बाबतीत मात्र थोडे जपावे लागते. फ म्हटले की आज बरीच मुले खालचा ओठ वरच्या दातांना लावतात, आणि मग 'पिन'चे 'फिन' होते. दोन्ही ओठ पूर्ण मिटून मग हवेसकट उघडायचे, असे स्पष्ट सांगावे.

मग प्रत्येक प्, ट्, क् असाच म्हणायचा का?

नाही. स्च्या पाठोपाठ आलेले प्, ट्, क् महाप्राण नसतात. 'स्पिन', 'स्टॉप', 'स्काय' या शब्दांत मराठी सवयीचा अल्पप्राण उच्चारच योग्य आहे. आघात नसलेल्या अवयवातही झोत फार कमी असतो; 'पेपर'मधला पहिला प् आणि दुसरा प् पट्टीसमोर म्हणून पाहावेत.

झेडचा उच्चार मुले 'ज' असा करतात. तो कसा सुधारावा?

मराठीत ज दोन प्रकारे उच्चारला जातो. 'जीभ', 'जेवण' यांतला तालव्य, आणि 'जाड', 'जाळे' यांतला दंततालव्य. दुसरा ज झेडच्या बराच जवळ आहे, पण त्याच्या सुरुवातीला जीभ क्षणभर वर टेकते आणि मग सुटते. इंग्रजी झ्मध्ये जीभ कोठेही टेकत नाही. स् म्हणताना असते तशी ती अधांतरी राहते. म्हणून मुलाला ज सुधारायला सांगण्यापेक्षा स्पासून झ्कडे नेणे अधिक सोपे पडते. स् लांबवायचा, जीभ तशीच ठेवायची, गळा चालू करायचा, आणि मग त्याला स्वर जोडायचा: 'झ्झ्झू', 'झ्झ्झिप'.

ए आणि इ या स्वरांपूर्वी ही चूक जास्त दिसते. मराठीत या स्वरांपूर्वीचा ज बहुधा तालव्य होतो, म्हणून 'झू' बरे म्हणणारे मूलही 'झेब्रा' आणि 'झिरो' यांचे 'जेब्रा' आणि 'जिरो' करते. सरावाचे शब्द निवडताना हे ध्यानात ठेवून अशा शब्दांना अधिक वेळ द्यावा.

लेखनाकडेही लक्ष हवे, कारण इंग्रजीत झ्चा ध्वनी बहुतेक वेळा एस या अक्षराने लिहिला जातो. 'इज', 'वॉज', 'हॅज', 'हिज', 'दीज', 'प्लीज' या रोजच्या शब्दांच्या शेवटी झ् आहे. 'दिस', 'अस', 'बस' यांच्या शेवटी स् आहे. स्पेलिंगवरून हे ओळखता येत नाही, शब्द पाठ असावे लागतात.

'मेझर', 'व्हिजन', 'प्लेझर' यांतला ध्वनी शिकवलाच पाहिजे का?

शिकवावा, पण त्यासाठी स्वतंत्र तास नको. श् लांबवून त्यात नाद मिसळला की तो ध्वनी तयार होतो. तो इंग्रजीत थोड्याच शब्दांत येतो, आणि केवळ त्याच्यामुळे अर्थ बदलेल अशा शब्दजोड्या जवळजवळ नाहीत. 'मेझर'चे 'मेजर' झाले तर मात्र 'प्रमुख' असा अर्थ असलेल्या शब्दाशी गल्लत होऊ शकते, तेवढा एक शब्द नीट करून घ्यावा.

'थिंक' आणि 'दिस' यांतल्या ध्वनींचे काय?

इंग्रजीत हे दोन्ही ध्वनी एकाच अक्षरजोडीने लिहिले जातात, त्यामुळे कोणता कोठे येतो हे मुलांना कळत नाही. येथे काही नियम खरोखर उपयोगी पडतात. 'द', 'दिस', 'दॅट', 'दे', 'देन', 'देअर' अशा वारंवार येणाऱ्या व्याकरणिक शब्दांच्या सुरुवातीला घोष ध्वनी असतो. 'थिंक', 'थ्री', 'थँक', 'थिन' अशा आशयवाचक शब्दांच्या सुरुवातीला अघोष असतो. 'मदर', 'फादर', 'ब्रदर', 'वेदर' या मूळच्या इंग्रजी शब्दांत दोन स्वरांमध्ये घोष, तर 'मेथड'सारख्या ग्रीकमधून आलेल्या शब्दांत अघोष. 'बाथ', 'टूथ', 'ब्रेथ' यांच्या शेवटी अघोष. त्यांच्यापासून झालेल्या 'बेद', 'ब्रीद' या क्रियापदांच्या शेवटी घोष.

मराठी थ आणि द म्हणताना जीभ दातांना टेकून हवा अडवते. इंग्रजीत जिभेचे टोक दातांशी हलकेच ठेवून हवा सतत सोडायची असते. ही सतत सुटणारी हवा ज्यांना साधत नाही, त्यांच्या थ–द या उच्चारावर मी अडून बसत नाही. त्या उच्चारातही अघोष आणि घोष हा भेद पूर्ण शाबूत राहतो, आणि समजण्यासाठी तोच महत्त्वाचा आहे.

व्ह लिहायची पद्धत उच्चार बिघडवते का?

काही प्रमाणात होय. 'व्हॅन' असे लिहिलेले वाचताना मुले व् आणि ह् असे दोन ध्वनी काढतात. इंग्रजीत तेथे एकच ध्वनी आहे: फ्साठी ठेवतो तसा खालचा ओठ वरच्या दातांशी ठेवायचा आणि नाद चालू करायचा. 'फॅन–व्हॅन', 'लीफ–लीव्ह', 'सेफ–सेव्ह' या जोड्या त्यासाठी पुरेशा आहेत. येथे 'ऑफ' या एकाच देवनागरी रूपाचाही खुलासा करून टाकावा. एका एफचा 'ऑव्ह' म्हणजे 'चा, ची, चे', आणि दोन एफचा 'ऑफ' म्हणजे 'बंद' किंवा 'दूर'. पहिल्याचा शेवट घोष आहे, दुसऱ्याचा अघोष. आपण दोन्ही सारखेच लिहितो आणि म्हणून सारखेच बोलतो.

'बॅक' आणि 'बॅग', 'बीट' आणि 'बीड' यांतला फरक मुले स्पष्ट करतात, तरी उच्चार कानाला खटकतो. काय चुकते?

या विषयातला हा सर्वांत कमी शिकवला जाणारा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

इंग्रजीत शब्दाच्या शेवटी आलेला घोष स्फोटक ध्वनी पूर्ण घोष राहत नाही. 'बॅग'मधला ग् अर्ध्यावरच विरतो. मग ऐकणाऱ्याला तो क् नसून ग् आहे हे कळते कसे? मुख्यतः आधीच्या स्वराच्या लांबीवरून. अघोष व्यंजनापूर्वी इंग्रजी स्वर आखडता होतो, घोष व्यंजनापूर्वी तो पूर्ण लांबीने येतो. सावकाश म्हटलेल्या एकेकट्या शब्दात 'बीड'चा ई 'बीट'च्या ईपेक्षा साधारण दीडपट लांब असतो. कुजबुजत बोलताना स्वरतंतूंचे कंपन अजिबात नसते, तरीही 'बॅक' आणि 'बॅग' पुष्कळदा वेगळे ओळखू येतात, त्यामागचे एक कारण ही लांबी आहे.

मराठी मूल दोन्ही शब्दांत स्वर सारख्याच लांबीचा ठेवते आणि सगळा भेद शेवटच्या व्यंजनावर टाकते. ग् स्पष्ट व्हावा म्हणून ते त्याला जोर देते, आणि त्या जोराने मागे एक पुसटसा अ उमटतो: 'बॅग्अ'. शिक्षकाने "ग् नीट म्हण" असे सांगितले की अ आणखी वाढतो. सूचना अगदी उलटी द्यायला हवी: स्वर लांबव आणि ग् सोडून दे.

हे दाखवण्यासाठी मी फळ्यावर 'बॅक' लिहून त्याखाली एक बोट रुंदीची रेघ काढते आणि 'बॅग'खाली दोन बोटे रुंदीची. मुले रेघेवर बोट फिरवत शब्द म्हणतात. बोट रेघेच्या टोकाला पोहोचेपर्यंत स्वर थांबवायचा नाही. मग शेवटचे व्यंजन ओठांतल्या ओठांत ठेवून म्हणायचे. 'कॅप–कॅब', 'सीट–सीड', 'आइस–आइझ', 'प्राइस–प्राइझ', 'रिच–रिज' या जोड्या अशाच घ्याव्यात. दोन-तीन तासांत वर्गाचा सूरच बदलतो, आणि हा बदल मुलांच्या स्वतःच्याही लक्षात येतो.

अनेकवचनाचा एस कधी स्, कधी झ्?

आधीचा ध्वनी पाहावा. तो अघोष असेल तर स्: 'कॅट्स', 'बुक्स', 'कप्स'. घोष असेल तर झ्: 'डॉग्झ', 'पेन्झ', 'गर्ल्झ', 'बॉइझ'. आधी स्, झ्, श्, च्, ज् असा सीत्कारी ध्वनी असेल तर मध्ये एक लहानसा इ येतो: 'बसिझ', 'वॉचिझ'. क्रियापदाचा एस आणि संबंध दाखवणारा ॲपॉस्ट्रॉफीचा एस यांनाही हेच लागू पडते.

मराठीत आपण 'डॉग्स', 'गर्ल्स' असे लिहीत आलो आहोत, त्यामुळे स् डोळ्यांतून तोंडात उतरतो. वरच्या इयत्तेतल्या मुलांना हा नियम मी व्यंजनसंधीशी जोडून सांगते. वाक् + देवी यांचे वाग्देवी होते, कारण शेजारी घोष आला की अघोषाला घोष व्हावे लागते. इंग्रजीतही शेजाराचाच परिणाम आहे. फक्त येथे मागचा ध्वनी पुढच्या प्रत्ययाला बदलतो, आणि संस्कृत संधीत पुढचा ध्वनी मागच्याला बदलतो. संधी पाठ करून कंटाळलेल्या मुलांना आपण पाठ केलेली गोष्ट जिवंत बोलण्यात घडते आहे हे कळल्यावर होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

भूतकाळाच्या ईडी प्रत्ययाचा नियमही तसाच आहे का?

तंतोतंत तसाच. अघोषानंतर ट्: 'वॉक्ट', 'लाफ्ट', 'वॉश्ट'. घोषानंतर ड्: 'प्लेड', 'ओपन्ड', 'लिव्ह्ड'. ट् किंवा ड् यांच्यानंतर इड: 'वॉन्टिड', 'नीडिड'. 'नेकिड', 'विकिड' अशी काही विशेषणे अपवाद आहेत. 'वॉक्ड' म्हणणाऱ्या मुलाला क् आणि ड् सलग म्हणणे जड जाते आणि ते मध्ये स्वर घालते. 'वॉक्ट' सांगितले की त्याची सुटका होते. हा नियम मुलाचे काम हलके करणारा आहे, तो तसाच मांडावा.

एकच शब्द नाम असताना वेगळा आणि क्रियापद असताना वेगळा, असे का?

'यूस' म्हणजे उपयोग आणि 'यूझ' म्हणजे वापरणे. 'हाउस' म्हणजे घर आणि 'हाउझ' म्हणजे जागा देणे. 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ', 'बिलीफ' आणि 'बिलीव्ह' याही तशाच जोड्या. साधारणपणे नामाचा शेवट अघोष आणि क्रियापदाचा घोष. 'क्लोस' हे 'जवळचा' या अर्थाचे विशेषण आहे आणि 'क्लोझ' हे 'बंद करणे' या अर्थाचे क्रियापद. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांमध्ये आलेले फ् आणि स् घोष होत असत. पुढे शेवटचे स्वर गळून पडले, पण घोषत्व मागे राहिले. 'नाइफ'चे अनेकवचन 'नाइव्झ' होते तेही याच कारणाने.

एक्स या अक्षराचा उच्चार कसा ठरवावा?

'बॉक्स', 'टॅक्सी' यांत क्स्. 'एग्झाम', 'एग्झॅक्ट' यांत ग्झ्. एक्सच्या लगेच नंतर स्वर असून आघात त्या स्वरावर असेल, तर बहुधा ग्झ् येतो. 'एक्सरसाइझ'मध्ये आघात पहिल्या अवयवावर आहे, म्हणून तेथे क्स्.

'हॅव्ह टू' हे 'हॅफ टू' असे का ऐकू येते?

'करावे लागणे' या अर्थाने आलेल्या 'हॅव्ह टू'मधील व्ह् पुढच्या अघोष ट्मुळे फ् होतो. 'यूझ्ड टू'चे 'यूस्टू' होते, 'ऑव्ह कोर्स'चे 'ऑफ कोर्स' होते. विपद् + काल यांचे विपत्काल होते, त्यातलाच हा प्रकार. हे मुलांना ओळखता आले पाहिजे. स्वतः तसे बोलण्याचा आग्रह सुरुवातीला नको.

अमेरिकन बोलण्यात 'वॉटर'चा ट् ड्सारखा का लागतो?

तेथे दोन स्वरांमधला ट्, पुढच्या अवयवावर आघात नसेल तर, जिभेच्या एका झटपट टिचकीने आणि नादासह उच्चारला जातो. ऐकण्याच्या सरावात त्याची ओळख करून द्यावी, इतके पुरे.

ऐकण्याचा सराव कसा घ्यावा?

बोलण्याच्या आधी ऐकणे हवे, आणि ऐकताना तोंड दिसता कामा नये. मी वहीने तोंड झाकून 'बॅक' किंवा 'बॅग' म्हणते आणि मुले एक बोट किंवा दोन बोटे वर करतात. बोटे छातीजवळ धरायची, शेजाऱ्याचे पाहायचे नाही. नुसत्या नजरेने कोणाला ऐकू येते आणि कोण अंदाज करते आहे, हे दहा शब्दांत समजते. ज्याला फरक ऐकूच येत नाही, त्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्याने काही साधत नाही. त्याला आणखी काही दिवस ऐकू द्यावे. पुढे मुलांनी जोडीने हाच सराव करावा: एकाने म्हणायचे, दुसऱ्याने काय ऐकले ते लिहायचे. मी चूक दाखवण्यापेक्षा शेजाऱ्याने चुकीचा शब्द लिहिला, याचा परिणाम खोलवर होतो. रोज पाच मिनिटे पुरतात.

वाचनाच्या वेळी मुलांना आठवण राहावी म्हणून काही खूण करता येईल का?

पेन्सिलीने घोष ध्वनीच्या अक्षराखाली नागमोडी रेघ काढावी आणि अघोषाखाली काहीच काढू नये. 'इज', 'डॉग्झ', 'यूझ' यांतल्या एसखाली नागमोडी रेघ दिसली की मूल आपोआप नाद चालू करते. पूर्ण परिच्छेदावर खुणा करू नयेत. एका वेळी एकच ध्वनी घ्यावा.

फोन किंवा संगणकाची मदत होते का?

मुलाचा आवाज फोनवर मुद्रित करून त्यालाच ऐकवणे फार उपयोगी आहे, कारण बोलताना आपल्याला स्वतःचा उच्चार जसा वाटतो तसा तो नसतो. ज्यांना अधिक खोलात जायचे आहे, त्यांच्यासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली 'प्राट' ही ध्वनिविश्लेषणाची मोफत प्रणाली आहे. तिच्यात स्वराची लांबी आणि नाद कोठे सुरू होतो हे डोळ्यांनी पाहता येते. 'बीट' आणि 'बीड' यांची दोन चित्रे शेजारी ठेवली की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मुलाच्या बोलण्यातून मराठी ढंग पूर्ण गेला पाहिजे का?

माझ्या मते नाही. ट्, ड् मूर्धन्य (जिभेचे टोक मागे वळवून म्हटलेले) असणे किंवा स्वरांचा मराठी हेल राहणे याने आकलन सहसा अडत नाही. 'प्राइस'चे 'प्राइझ' ऐकू गेले, तर मात्र किंमत आणि बक्षीस यांची अदलाबदल होते. ज्या चुकीने अर्थ बदलतो ती आधी, आणि ज्या चुकीने ऐकणाऱ्याला फक्त आपली भाषा कळते ती सर्वांत शेवटी, असा क्रम मी ठेवते. मूल बोलत असताना मध्येच त्याला थांबवू नये; त्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे, आणि मग तोच शब्द आपल्या उत्तरात बरोबर उच्चारून त्याच्या कानावर घालावा.

प्रगती कशी तपासावी?

शब्दांची यादी वाचून घेऊन तपासू नये, कारण यादी वाचताना मूल सावध असते. त्याला चार-पाच वाक्यांत कालचा दिवस सांगायला लावावे आणि त्यातले ईडी आणि एस मोजावेत. यादीत दहापैकी दहा बरोबर म्हणणारे मूल गोष्ट सांगताना सुरुवातीला निम्मेच बरोबर म्हणते, आणि यात निराश होण्यासारखे काही नाही. महिन्याने तीच तपासणी पुन्हा करावी, आणि दोन्ही वेळचे मुद्रण मुलाला एकापाठोपाठ एक ऐकवावे.